टॅप अर्धवट राहिला तर कार्डातल्या पैशांचे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कारखान्याच्या कँटीनसाठी मायफेअर क्लासिक १के ही रीडरवर टेकवायची (टॅप करायची) चिप-कार्डे आणि १३.५६ मेगाहर्ट्झचे रीडर घेतले आहेत. शिल्लक रक्कम कार्डाच्या मेमरीतल्या एका ब्लॉकमध्ये (१६ बाइटच्या कप्प्यात) साध्या राइट कमांडने लिहिली जाते. अधूनमधून एखाद्या कार्डावर शून्य किंवा भलताच आकडा दिसतो. काहींचे जेवणाचे पैसे दोनदा कापले जातात. आता कोणीतरी कार्ड बाहेरून ‘भरून’ आणते, असाही संशय आहे. रक्कम एन्क्रिप्ट करून लिहिली तर हे सगळे थांबेल का?

नाही थांबणार. हे तीन वेगळे आजार आहेत आणि एन्क्रिप्शन यातल्या पहिल्या दोघांना स्पर्शही करत नाही. भलता आकडा दिसतो कारण लिहिता लिहिता कार्ड उचलले गेले. पैसे दोनदा कापले जातात कारण कार्डाने काम केले, पण त्याचे उत्तर रीडरपर्यंत पोहोचले नाही. तिसऱ्याचे मूळ किल्ल्यांमध्ये, म्हणजे कार्ड उघडणाऱ्या गुप्त आकड्यांमध्ये (की), आहे, आणि तिथेही एन्क्रिप्ट केलेला जुना ब्लॉक जसाच्या तसा परत चिकटवता येतो.

आधी साठवण्याची पद्धत. रक्कम नेहमी पैशांत, पूर्णांकात ठेवा. दशांश, फ्लोट, मजकूर यातले काहीही नको. क्लासिकमध्ये यासाठी व्हॅल्यू ब्लॉक नावाची सोय चिपमध्येच आहे. १६ बाइटच्या ब्लॉकमध्ये ४ बाइटची (धन किंवा ऋण) संख्या तीनदा लिहिलेली असते: सरळ, उलटे बिट करून, पुन्हा सरळ. शेवटच्या ४ बाइटमध्ये एक बाइटचा पत्ता सरळ, उलटा, सरळ, उलटा असा येतो. सर्वांत कमी किमतीचा बाइट आधी. ₹१०० म्हणजे १०,००० पैसे, हेक्समध्ये २७१०. ब्लॉक ४ मध्ये ते असे दिसते:

१० २७ ०० ००, ईएफ डी८ एफएफ एफएफ, १० २७ ०० ००, ०४ एफबी ०४ एफबी

बाइटचा क्रम उलटा वाचला तर हेच ₹१०० स्क्रीनवर ₹२७,०९,९१३.६० होतात. ‘भलता आकडा’ प्रत्येक वेळी असाच लाखांत येत असेल, तर कार्डाला दोष देण्याआधी आपला कोड तपासा.

या रचनेचे दोन फायदे. अर्धवट लिहिलेला ब्लॉक ओळखू येतो, कारण तीन प्रती जुळत नाहीत. आणि कार्ड स्वतः वजाबाकी करते. ‘१२५० पैसे कमी कर’ एवढेच रीडरने सांगायचे, नवी शिल्लक रीडरने लिहायची नाही. त्यामुळे काउंटरवरच्या रीडरला ‘हवे ते लिहिण्याचा’ हक्क द्यावाच लागत नाही.

मात्र कमी कर म्हटले की लगेच मेमरीत कमी होते असे नाही, आणि इथे बरेच जण फसतात. डिक्रिमेंट (हेक्स सी०) किंवा इन्क्रिमेंट (सी१) दिल्यावर उत्तर चिपच्या तात्पुरत्या रजिस्टरमध्ये राहते. ट्रान्सफर (बी०) दिल्यावरच ते ईईप्रॉममध्ये, म्हणजे कायम मेमरीत, उतरते. ट्रान्सफर विसरला तर पैसे कापलेच जात नाहीत, आणि चूकही दिसत नाही. दुसरी गंमत अशी की डिक्रिमेंटचा दुसरा भाग, म्हणजे रक्कम पाठवल्यावर, सगळे ठीक असेल तर कार्ड गप्प बसते. उत्तर आले तर ते नकाराचे असते. हे माहीत नसलेला ड्रायव्हर त्या शांततेला टाइमआउट समजतो, पुन्हा प्रयत्न करतो आणि गोंधळ घालतो. रिस्टोअर (सी२) ब्लॉकमधली रक्कम रजिस्टरमध्ये आणते. या चारही कमांड ज्या सेक्टरमध्ये (चार ब्लॉकांच्या गटात) आत्ता प्रवेश मिळाला आहे, तिथेच वापरायच्या.

आता कार्ड उचलले जाण्याची गोष्ट. माणूस घाईत असतो, रीडरवर कार्ड टेकवून लगेच काढतो. ईईप्रॉम लिहायला काही मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्यात रीडरकडून मिळणारी वीज गेली तर तो ब्लॉक ना जुना, ना नवा. म्हणून एकाच सेक्टरमध्ये दोन व्हॅल्यू ब्लॉक ठेवा. सेक्टर १ मध्ये ब्लॉक ४ मुख्य आणि ब्लॉक ५ राखीव. क्रम असा:

१. कार्ड निवडा. क्षेत्रात एकाहून अधिक कार्डे सापडली तर सरळ नकार द्या. पाकिटात दोन कार्डे ठेवून टॅप करणारे खूप असतात.
२. की ए ने (सेक्टरच्या दोन किल्ल्यांपैकी पहिली) सेक्टर १ मध्ये प्रवेश घ्या. ४ आणि ५ दोन्ही वाचा, दोन्हींची रचना तपासा.
३. दोन्ही शाबूत आणि समान असतील तर पुढे जा. ४ शाबूत पण ५ वेगळा किंवा मोडलेला असेल तर ४ खरा मानून तो ५ वर उतरवा. ४ मोडलेला असेल तर ५ खरा मानून तो ४ वर उतरवा. दोन्ही मोडलेले असतील तर कार्ड अडवून टॉप-अप खिडकीकडे पाठवा.
४. शिल्लक पुरेशी आहे का ते रीडरने पाहा. क्लासिकमध्ये ‘इतक्याच्या खाली जाऊ नकोस’ अशी मर्यादा घालून ठेवायची सोय नाही.
५. डिक्रिमेंट ब्लॉक ४, ट्रान्सफर ब्लॉक ४, मग ४ पुन्हा वाचून खात्री.
६. ताट द्या, किंवा फाटक उघडा.
७. रिस्टोअर ४, ट्रान्सफर ५.

पाचव्या पायरीत कार्ड उचलले गेले तर ५ मध्ये जुनी रक्कम सुखरूप आहे, माणसाचे पैसे गेलेले नाहीत आणि ताटही मिळालेले नाही. सातव्या पायरीत उचलले तर ४ मध्ये नवी रक्कम आहे आणि पुढच्या टॅपला राखीव प्रत दुरुस्त होते. नियम एकच: ४ शाबूत तर ४ खरा. ‘दोन्हींतली मोठी रक्कम धरा’ किंवा ‘लहान धरा’ असले उदार किंवा कंजूस नियम घालू नका. पहिला लुटला जातो, दुसरा भांडणे लावतो.

एक बारकावा. अर्धवट लिहिलेल्या पेशी कधीकधी काठावर राहतात. आत्ता वाचले तर एक, दोन तासांनी दुसरेच. म्हणून गेला व्यवहार तुटला होता असे दिसले की वरवर बरोबर दिसणारा ब्लॉकही त्याच रकमेने एकदा पुन्हा लिहून घ्यावा. ईईप्रॉम झिजण्याची भीती इथे धरू नये. साध्या चिपची हमी १ लाख लेखनांची असते. दिवसाला ४ व्यवहार आणि प्रत्येक व्यवहारात एका ब्लॉकवर १ लेखन धरले तर १० वर्षांत १४,६०० होतात.

दुबार कापणीचे कारण पाचव्या पायरीच्या पोटात आहे. ट्रान्सफर झाले, पण ‘झाले’ हे उत्तर येण्याआधी कार्ड हलले. रीडर ‘पुन्हा टॅप करा’ म्हणतो, माणूस टॅप करतो आणि पैसे दुसऱ्यांदा जातात. पुन्हा टॅप करायला सांगणे बरोबरच आहे, पण पुन्हा टॅप म्हणजे नवा व्यवहार समजणे चूक आहे. उपाय असा: ट्रान्सफर पाठवण्याआधी रीडरने कार्डाचा यूआयडी (चिपचा स्वतःचा क्रमांक), व्यवहाराआधीची शिल्लक आणि अपेक्षित नवी शिल्लक आपल्या कायम मेमरीत ‘अनिर्णित’ म्हणून नोंदवायची. तेच कार्ड परत आले आणि ब्लॉक ४ मध्ये अपेक्षित नवी शिल्लक दिसली, तर पैसे कापले गेले आहेत, न कापता ताट द्या. जुनी शिल्लक दिसली तर कापणी झालेली नाही, तोच व्यवहार पूर्ण करा. उदाहरणार्थ आधी १०,०००, जेवण १,२५०, अपेक्षित ८,७५०. कार्डावर २ई २२ ०० ०० दिसले की ते ८,७५० आहेत.

अडचण येते ती माणूस शेजारच्या काउंटरवर गेला की. त्या रीडरला हा अनिर्णित व्यवहार माहीत नसतो. म्हणून सर्व काउंटर स्थानिक नेटवर्कवर ही छोटी यादी वाटून घेतात असे ठेवा. यादी दोनतीन मिनिटांपुरतीच मोठी असते, त्यामुळे कोणताही साधा संगणक पुरतो.

मोठ्या व्यवस्थांनी हाच प्रश्न कार्डाच्या आत सोडवला आहे. सोनीच्या फेलिका चिपमध्ये, जिच्यावर हाँगकाँगचे ऑक्टोपस (१९९७) आणि जपानचे सुइका (२००१) ही प्रवासाची कार्डे चालतात, पर्स ब्लॉकमध्ये रकमेशेजारी २ बाइटचा एक्झिक्युशन आयडी (व्यवहाराचा क्रमांक) असतो. तोच आयडी पुन्हा आला तर कार्ड दुसऱ्यांदा वजाबाकी करत नाही. युरोपातल्या कॅलिप्सो कार्डांत याला रॅटिफिकेशन म्हणतात. सत्र बंद झाल्यावर रीडरची पुढची कमांड आली तरच ‘माझे उत्तर समोर पोहोचले’ असे कार्ड धरते, आणि पोहोचले नसेल तर ते पुढच्या टॅपला सांगू शकते.

आता किल्ल्या. प्रत्येक सेक्टरच्या शेवटच्या ब्लॉकमध्ये, ट्रेलरमध्ये, ६ बाइट की ए, ४ बाइट हक्क (कोणत्या कीने काय करता येईल ते) आणि ६ बाइट की बी असते. कारखान्यातून येताना हक्काचे बाइट एफएफ ०७ ८० ६९ असतात. पुष्कळ जण दोन्ही किल्ल्या बदलतात आणि हे बाइट तसेच ठेवतात. त्या अवस्थेत की बी ही की नसतेच, वाचता येणारा साधा डेटा असते. ज्याच्याकडे की ए आहे तो ती वाचू शकतो आणि तिच्याने प्रवेश घेता येत नाही. म्हणजे दोन किल्ल्या ठेवल्या असे वाटते, प्रत्यक्षात एकच असते.

हवे असते ते असे: की ए काउंटरवर, ती फक्त वाचू आणि कमी करू शकेल. की बी टॉप-अप खिडकीवर, ती वाढवू शकेल. पुस्तकातले नेहमीचे उत्तर तिन्ही डेटा ब्लॉकना ११० आणि ट्रेलरला ०११ हा तीन बिटांचा हक्क देण्याचे आहे, त्याचे बाइट ०८ ७७ ८एफ येतात. इथे एक भोक आहे. ११० मध्ये की ए ला कमी करण्यासोबत रिस्टोअर आणि ट्रान्सफरही करता येते. की ए हाती लागलेला माणूस भरलेल्या कार्डाची रक्कम रिकाम्या ब्लॉक ६ मध्ये उतरवून ठेवतो, ब्लॉक ४ मधले पैसे जेवून संपवतो आणि मग ६ वरून ४ वर परत आणतो. वाढवण्याची कमांड न वापरता कार्ड पुन्हा भरले! म्हणून तिसरा ब्लॉक व्हॅल्यूसाठी उघडा ठेवू नका. ४ आणि ५ ला ११०, ६ ला १००, ट्रेलरला ०११ द्या. बाइट येतात ४८ ७७ ८बी, आणि चौथा मोकळा बाइट ६९ राहू द्या. ब्लॉक ६ मध्ये मग कार्ड दिल्याची तारीख, योजनेचा क्रमांक असा न बदलणारा मजकूर ठेवा, तो फक्त की बी लिहू शकेल. ब्लॉक ५ मध्ये जुनी मोठी रक्कम पडून राहणेही याच कारणाने धोक्याचे आहे. सातवी पायरी ‘वेळ मिळाला तर’ म्हणून सोडून देऊ नका.

हे बाइट लिहिताना जपा. प्रत्येक बिट सरळ आणि उलटा असा दोनदा असतो. त्यांची जुळणी चुकली तर चिप तो सेक्टर कायमचा बंद करते, आणि तो पुन्हा उघडत नाही. आधी डेटा ब्लॉक लिहा, ट्रेलर सर्वांत शेवटी. हे काम हातात धरलेल्या कार्डावर करायचे नाही, कार्ड घट्ट बसेल अशा खाचेत ठेवून करायचे. पहिली दहा कार्डे वाया जातील असे धरूनच चला.

सर्व कार्डांना एकच की देऊ नका. मास्टर की आणि यूआयडी यांच्यावरून एईएस-सीमॅक या एन्क्रिप्शनवर आधारित गणिताने प्रत्येक कार्डाची वेगळी की काढा आणि तिचे पहिले ६ बाइट वापरा. यूआयडीशी नुसते एक्सऑर (बिटाला बिट मिसळणे) करणे म्हणजे एका कार्डाच्या कीवरून बाकीच्या सगळ्यांच्या उघड करणे. मास्टर की रीडरच्या फ्लॅशमध्ये नसावी, सॅम चिपमध्ये असावी. सॅम म्हणजे सिमकार्डाच्या आकाराची चिप: ती गणित करून देते, की बाहेर देत नाही. काउंटरच्या सॅममध्ये टॉप-अपची की घालूच नये.

एवढे सगळे केले तरी क्लासिक सुरक्षित होत नाही. त्याचे क्रिप्टो-१ हे ४८ बिटांच्या कीचे सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनच्या परिषदेत उघडे पडले. २००८ मध्ये नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठाने ते पूर्ण मोडून दाखवले. लंडनचे ऑयस्टर आणि डच ओव्ही-चिपकार्ड ही प्रवासाची दोन्ही कार्डे त्यात सापडली. चिप बनवणाऱ्या एनएक्सपीने ते प्रकाशन थांबवायला न्यायालयात धाव घेतली, न्यायालयाने नकार दिला. नंतर चिपचा यादृच्छिक अंकनिर्माता सुधारला, पण २०१५ मध्ये त्यावरही हल्ला आला. त्याला एका कोणत्याही सेक्टरची की आधी माहीत असावी लागते. म्हणून न वापरलेले १५ सेक्टर कारखान्याच्या एफएफ एफएफ एफएफ एफएफ एफएफ एफएफ या कीवर सोडणे म्हणजे दार उघडे ठेवून तिजोरीला कुलूप लावणे. स्वस्त ‘कंपॅटिबल’ कार्डांची तऱ्हा आणखी वेगळी. शांघाय फुदानच्या एफएम११आरएफ०८एस चिपमध्ये सर्व कार्डांना चालणारी एक मागच्या दाराची की २०२४ मध्ये सापडली. यूआयडी बदलता येणारी कोरी कार्डेही बाजारात सहज मिळतात, त्यामुळे ‘यूआयडी जुळला म्हणजे कार्ड खरे’ हेही धरता येत नाही.

मग रकमेवर सही, म्हणजे गुप्त कीने काढलेला पडताळणीचा आकडा (मॅक), लावून ठेवली तर? प्रत्येक कापणीला मॅक नव्याने लिहावा लागेल. म्हणजे साधा राइट आला, काउंटरला लिहिण्याचा हक्क आला आणि दोन ब्लॉक एकाच क्षणी न बदलण्याचा तोच जुना प्रश्न परत आला. शिवाय सोमवारी भरलेल्या कार्डाची पूर्ण नक्कल, मॅकसकट, शुक्रवारी परत उतरवली तर मॅक बरोबरच असतो. जुनी स्थिती परत आणण्याला मॅकचे उत्तर नाही.

त्याला उत्तर सर्व्हरवरच्या वहीत आहे. प्रत्येक कार्डासाठी एकूण टॉप-अप वजा एकूण कापणी ही रक्कम सर्व्हरला माहीत असते. रीडरने प्रत्येक व्यवहारात आधीची आणि नंतरची शिल्लक दोन्ही पाठवायची, नुसती कापलेली रक्कम नाही. मग मंगळवारच्या शेवटच्या व्यवहारात शिल्लक ₹४० आणि बुधवारच्या पहिल्यात ‘आधीची’ ₹४०० दिसली, मध्ये टॉप-अपची नोंद नाही, तर ते कार्ड त्याच मिनिटाला काळ्या यादीत जाते. यादी मोठी होईल ही भीती नको: यूआयडी ७ बाइटचा असला तरी १०,००० कार्डांची यादी ७० केबीची होते. टॉप-अप फक्त सर्व्हर चालू असताना. आणि कार्डावरची कमाल रक्कम ठरवून टाका. कँटीनला ₹५०० पुरतात. फसवणूक पकडली जाईपर्यंत जास्तीत जास्त किती जाऊ शकते, हे ती मर्यादा ठरवते.

कँटीन एका इमारतीत, रीडर सगळे नेटवर्कवर, तर खरे सांगायचे तर कार्डात पैसे ठेवायची गरजच नाही. कार्डात ओळख, पैसे सर्व्हरवर. ऑफलाइन शिल्लक तिथे लागते जिथे बस धावते, बोगद्यात फाटक आहे किंवा उत्तराला वेळ नाही. जपानी रेल्वेच्या फाटकांना एका टॅपसाठी सुमारे ०.२ सेकंद मिळतो.

ऑफलाइनच हवे असेल तर पुढची खरेदी डेसफायर या मायफेअरच्याच अधिक सुरक्षित कार्डाची करा. लंडननेही २०१० च्या सुमारास ऑयस्टर तिकडेच नेले. यात व्हॅल्यू फाइल असते, तिला खालची आणि वरची मर्यादा तयार करतानाच घालता येते: ० आणि ५०,००० पैसे. एईएस-१२८ ने परस्पर ओळख पटते. मुख्य म्हणजे कापणी (डेबिट) आणि लॉगची नोंद दोन्ही तात्पुरत्या राहतात आणि कमिट ट्रान्झॅक्शन (सी७) दिल्यावर एकदम पक्क्या होतात. कार्ड मध्येच उचलले तर दोन्ही रद्द. वर सांगितलेली राखीव ब्लॉकची कसरत चिप स्वतः करते. लॉगसाठी चक्रीय रेकॉर्ड फाइल घेताना एक रेकॉर्ड जास्त मागा, कारण एक जागा राखीव प्रतीसाठी जाते. दहा नोंदी हव्या असतील तर अकरा. कमिटचे उत्तर हरवले तर पुढच्या टॅपला हीच नोंद वाचून निर्णय करायचा. रीडरचा क्रमांक आणि व्यवहाराचा क्रमांक तिच्यात असू द्या, म्हणजे शेजारच्या काउंटरलाही कळते.

किल्ल्यांची वाटणी इथे अधिक बारीक होते. वाचण्याच्या हक्काने डेबिट होते, लिहिण्याच्या हक्काने लिमिटेड क्रेडिट, आणि वाचन-लेखन हक्काने पूर्ण क्रेडिट. लिमिटेड क्रेडिट म्हणजे आधीच्या व्यवहारात जेवढे कापले तेवढ्यापर्यंतच परत देता येणे, तेही एकदाच. चुकून दोन ताटे मारली तर काउंटरवाला स्वतः परतावा देऊ शकतो, टॉप-अपची की त्याला द्यावी लागत नाही. अनेक दुकानदार एकाच कार्डावर विकत असतील तर डेसफायरची ईव्ही२ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या. त्यात प्रत्येक व्यवहारावर कार्ड स्वतः मॅक काढते, त्याची की दुकानदाराकडे नसतेच. न झालेली विक्री दाखवून पैसे मागता येत नाहीत.

मुंबई आणि पुण्याच्या मेट्रोत चालणारे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड (४ मार्च २०१९ पासून) वेगळ्या घराण्यातले आहे, रुपेच्या क्यूस्पार्क या मानकावर चालते. त्यातही शिल्लक चिपमध्ये असते, कमाल ₹२,०००. ॲपवरून भरलेले पैसे मशीनवर टॅप केल्याशिवाय कार्डात दिसत नाहीत याचे कारण तेच: वही एका जागी, चिप दुसऱ्या जागी.

आत्ताच्या कार्डांवर बदल केल्यावर चाचणी अशी घ्या. रीडरच्या अँटेनाचा पुरवठा रिलेने नाही, ट्रान्झिस्टरने तोडा, कारण रिले फार सावकाश हलतो. व्यवहार सुरू झाल्यापासून ०.५ मिलिसेकंदाच्या टप्प्याने तोडण्याची वेळ पुढे सरकवत न्या, १५० मिलिसेकंदांपर्यंत. म्हणजे ३०० वेळा तोडले. प्रत्येक तोडणीनंतर कार्ड पुन्हा टॅप करून दोनच गोष्टी पाहा: शिल्लक जुनी किंवा नवी यापैकीच एक आहे का, आणि ताट दिल्याची नोंद तिच्याशी जुळते का. ३०० पैकी एकदाही न जुळले तर तो क्षण कोणत्या कमांडमध्ये येतो ते लॉगवरून काढा. बहुतेक वेळा तो ट्रान्सफर आणि त्याच्या उत्तराच्या मधला सापडतो, आणि अनिर्णित नोंद ट्रान्सफरनंतर लिहिली जात असते.